अ‍ॅरे तोच, मग फंक्शनमध्ये आकडे का बदलतात? सी मधला द्विमितीय अ‍ॅरे आणि त्याची रुंदी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेनमध्ये इंट अ[१०][१०]; असा अ‍ॅरे आहे. वापरणाऱ्याकडून ओळी आणि कॉलम विचारले, समजा ३ आणि ३, आणि त्यात १ ते ९ आकडे भरले. छापण्यासाठी व्हॉइड छापा(इंट **अ, इंट ओळी, इंट कॉलम) असं फंक्शन लिहिलं. कंपायलरनं वॉर्निंग दिली आणि प्रोग्राम चालवल्यावर सेगमेंटेशन फॉल्ट आला, म्हणजे प्रोग्राम कोसळला. मग कुणाच्या तरी सल्ल्यानं फंक्शन बदलून व्हॉइड छापा(इंट ओळी, इंट कॉलम, इंट अ[ओळी][कॉलम]) असं केलं. वॉर्निंग गेली, क्रॅशही गेला. पण आता पहिली ओळ १ २ ३ अशी बरोबर येते आणि खालच्या दोन ओळींत कचरा. मेनमध्येच छापलं तर सगळं व्यवस्थित दिसतं. आकडे जातात कुठे?

आकडे कुठेही जात नाहीत, जागच्या जागी आहेत. चुकीच्या खोलीचं दार ठोठावलं जातंय. आणि तुमच्या दोन्ही चुका वरवर वेगळ्या वाटल्या तरी मूळ एकच आहे: ओळीची रुंदी फंक्शनला एकदा कळलीच नाही आणि दुसऱ्यांदा खोटी कळली.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. इथे कोड देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंट, व्हॉइड, साइझऑफ वगैरे शब्द आणि आकडे नेहमीच्या रोमन लिपीतच टाका. (व्हेरिएबलची नावं मात्र जीसीसी या कंपायलरच्या १० व्या आवृत्तीपासून थेट देवनागरीत लिहिली तरी चालतात. ऑफिसात करून बघू नका, घरी गंमत म्हणून हरकत नाही.)

सी मध्ये द्विमितीय अ‍ॅरे असा वेगळा प्रकारच नाही. असतो तो अ‍ॅरेंचा अ‍ॅरे. इंट अ[१०][१०] म्हणजे दहा वस्तू एकापाठोपाठ एक, आणि त्यातली प्रत्येक वस्तू म्हणजे दहा इंटची एक ओळ. मेमरीत ना चौकट असते, ना ओळींच्या मध्ये भिंत. शंभर इंट सलग बसलेले असतात, इंट चार बाइटचा धरला तर ४०० बाइट.

जुनी चाळ डोळ्यासमोर आणा. दर मजल्यावर दहा खोल्या, आणि खोल्यांना क्रमांक सलग दिलेले: तळमजल्यावर ० ते ९, पहिल्या मजल्यावर १० ते १९, असं वरपर्यंत. आपल्याकडे तळमजला हा शून्यावा असतो हे इथे फार सोयीचं आहे, सी चंही गणित तसंच चालतं. आता कुणी म्हणालं, 'दुसरा मजला, खोली तीन,' तर क्रमांक काढायचा २ × १० + ३, म्हणजे २३. हा हिशोब करायला चाळ किती मजली आहे हे माहीत असण्याची गरज नाही. एका मजल्यावर खोल्या किती, हे मात्र माहीत असावंच लागतं.

कंपायलर अ[आय][जे] साठी हेच करतो. सुरुवातीचा पत्ता घेतो आणि त्यात (आय × रुंदी + जे) × साइझऑफ(इंट), म्हणजे एका इंटचे बाइट, मिळवतो. या सूत्रात ओळींची संख्या कुठेच येत नाही, म्हणून पॅरामीटर लिहिताना पहिला कंस रिकामा सोडता येतो आणि दुसरा सोडता येत नाही. कॉलेजात हा नियम पाठ करायला लावतात आणि व्हायव्हात विचारतात. कारण कळलं की पाठ करावं लागत नाही.

आता पहिला क्रॅश.

अ‍ॅरे फंक्शनला दिला की अ‍ॅरे जात नाही, त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता (पॉइंटर) जातो, हे तुम्हाला माहीत असणार. एकमितीय अ‍ॅरेचा पहिला घटक इंट, म्हणून पत्ता इंट * प्रकारचा. इथून बहुतेक जण उडी मारतात: 'एका मितीला एक चांदणी (*), मग दोन मितींना दोन चांदण्या.' तर्क सरळ वाटतो, पण चूक आहे. इंट अ[१०][१०] चा पहिला घटक इंट नाही, इंट * सुद्धा नाही. तो आहे दहा इंटची अख्खी ओळ. म्हणून जो पत्ता जातो त्याचा प्रकार 'दहा इंटच्या अ‍ॅरेचा पॉइंटर', लिहायचा तर इंट (*)[१०]. पॉइंटरमध्ये रूपांतर फक्त सर्वात बाहेरच्या पातळीवर होतं, आतली ओळ अ‍ॅरेच राहते.

कंस विसरू नका. इंट (*प)[१०] हा एकच पॉइंटर, दहा इंटच्या ओळीकडे बोट दाखवणारा. इंट *प[१०] म्हणजे दहा पॉइंटरांचा अ‍ॅरे. दोन कंसांचा फरक, पण पहिला आठ बाइटचा आणि दुसरा ऐंशी.

इंट ** चं म्हणणं वेगळंच असतं: 'मी दाखवतो तिथे जा, तिथे तुला एक पत्ता लिहिलेला सापडेल, त्या पत्त्यावर इंट आहेत.' तुमच्या अ‍ॅरेत असा पत्ता लिहिलेलाच नाही. तिथे थेट १, २, ३ बसलेत. चौसष्ट बिटच्या नेहमीच्या यंत्रावर पॉइंटर आठ बाइटचा असतो, म्हणून अ[०] वाचताना फंक्शननं पहिले दोन इंट, १ आणि २, एकत्र उचलले आणि तो पत्ता समजला. इंटेल-एएमडीच्या बाइट क्रमानं ती संख्या होते १ + २ × ४२९४९६७२९६, म्हणजे ८५८ कोटी ९९ लाख ३४ हजार ५९३. त्या पत्त्यावर तुमच्या प्रोग्रामचं काहीही नाही. ऑपरेटिंग सिस्टिमनं लगेच हात धरला. खरं तर उपकारच केले.

उपकार अशासाठी म्हणतो की आमच्या वेळी टर्बो सी या बोरलँडच्या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर हे नशीब नव्हतं. सोळा बिटचा डॉस, मेमरीला कसलंही संरक्षण नाही. स्मॉल मॉडेलमध्ये पॉइंटर दोन बाइटचा आणि इंटही दोन बाइटचा. म्हणजे अ[०] चा 'पत्ता' निघायचा १, आणि प्रोग्राम निमूटपणे डेटा सेगमेंटच्या सुरुवातीचं वाचून छापायचा. त्या भागात बोरलँडची कॉपीराइटची ओळ ठेवलेली असायची. तिच्या अक्षरांचे बाइट आकड्यांच्या वेषात पडद्यावर यायचे आणि आम्ही ते 'गार्बेज व्हॅल्यू' म्हणून जर्नलमध्ये नोंदवायचो. कंपायलर 'सस्पिशियस पॉइंटर कन्व्हर्जन' अशी वॉर्निंग द्यायचा, पण वॉर्निंग वाचायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं. आजही काही प्रयोगशाळांत टर्बो सी चालतं. तिथे शिकलेली मुलं 'माझ्याकडे तर चाललं होतं' म्हणतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात.

जीसीसीनं हा प्रकार २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून सरळ एरर केलाय. तुमच्याकडे वॉर्निंगवर भागलं म्हणजे कंपायलर त्याहून जुना असावा. आणि हो, ती वॉर्निंग घालवायला पुढे (इंट **) असं कास्ट, म्हणजे जबरदस्तीचं प्रकार-रूपांतर, लावू नका. धुराचा अलार्म वाजतोय म्हणून त्याची बॅटरी काढण्यासारखं आहे ते.

सी असं विचित्र का वागतं, याला इतिहास आहे. सी च्या आधीच्या बी भाषेत अ‍ॅरे जाहीर केला की मेमरीत दोन गोष्टी तयार व्हायच्या: खोल्यांची रांग, आणि तिचा पत्ता ठेवणारी एक वेगळी पेशी. म्हणजे पॉइंटर खरोखर मेमरीत असायचा. पुढे सी चे जनक डेनिस रिची यांना स्ट्रक्चर हवं झालं. युनिक्सच्या डिरेक्टरीतली नोंद दोन बाइटचा क्रमांक आणि चौदा बाइटचं नाव अशी डिस्कवर असायची, आणि तिच्यावर जसाच्या तसा साचा बसवायचा होता. नावाच्या अ‍ॅरेसाठी पॉइंटरची छुपी पेशी ठेवायची कुठे? आणि डिस्कवरून नोंद वाचली की त्या पेशीत पत्ता भरायचा कुणी? १९९३ साली सी चा इतिहास सांगताना रिची यांनी यावरचा तोडगा लिहून ठेवला आहे. पॉइंटर मेमरीत ठेवायचाच नाही, अ‍ॅरेचं नाव वाक्यात आलं की त्या क्षणी तयार करायचा. या एका निर्णयामुळे अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे सलग ठेवता येऊ लागले. आणि याच निर्णयामुळे तुमच्या अ[१०][१०] मध्ये पॉइंटर सापडत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रसंग. मला खरा रस यात आहे, कारण इथे कंपायलर गप्प बसतो.

इंट अ[ओळी][कॉलम] हा पॅरामीटर सी ९९ मधला, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणातला. आकार चालू प्रोग्राममध्ये ठरतो, आणि फंक्शन आल्या आल्या रुंदी म्हणून कॉलमची किंमत, म्हणजे ३, धरून बसतं. पण चाळ दहा खोल्यांची आहे! दर मजल्यावर तीनच बिऱ्हाडं राहतात म्हणून मजला तीन खोल्यांचा होत नाही. मेननं १ २ ३ ठेवले खोली ०, १, २ मध्ये; ४ ५ ६ ठेवले १०, ११, १२ मध्ये; ७ ८ ९ ठेवले २०, २१, २२ मध्ये. फंक्शनला पहिल्या मजल्याची सुरुवात हवी होती तेव्हा त्यानं १ × ३ + ० केलं आणि तीन क्रमांकाच्या खोलीत शिरलं. तिथे कुणी राहतच नाही. शेवटचं अ[२][२] त्यानं २ × ३ + २, म्हणजे आठ क्रमांकाच्या खोलीत शोधलं. नऊच्या नऊ आकडे वाचून झाले तरी फंक्शन तळमजल्यावरून वर चढलंच नाही. पहिली ओळ बरोबर आली कारण शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच.

अ‍ॅरे मेनच्या आत आहे आणि बाकीच्या खोल्या भरलेल्या नाहीत, म्हणून कचरा दिसला. तो ग्लोबल, म्हणजे सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, असता तर शून्यं दिसली असती, आणि मग 'माझे आकडे शून्य का होतात' असा निराळाच प्रश्न आला असता.

कंपायलरनं का नाही पकडलं? कारण इंट (*)[१०] आणि इंट (*)[कॉलम] हे प्रकार जुळतात की नाही हे कॉलमच्या किमतीवर ठरतं, आणि ती किंमत प्रोग्राम चालू झाल्यावरच कळते. १० असती तर सगळं कायदेशीर होतं. ३ आली म्हणून नियमभंग झाला, पण तो बघायला तेव्हा कुणी हजर नव्हतं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरचं वाचन पकडणारं साधन) लावला तरी तो काही बोलणार नाही, कारण तुम्ही अ‍ॅरेच्या बाहेर गेलेलाच नाही. व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं दुसरं साधन मात्र न भरलेल्या किमती वापरल्याची तक्रार करेल.

याहून वाईट रूप सांगतो. समजा भरण्याचं कामही तुम्ही दुसऱ्या फंक्शनला दिलं असतं, व्हॉइड भरा(इंट ओळी, इंट कॉलम, इंट अ[ओळी][कॉलम]), आणि छापण्याचं याला. दोघंही रुंदी ३ धरतात. एक चुकीच्या खोल्यांत ठेवतो, दुसरा त्याच चुकीच्या खोल्यांतून काढतो, आणि पडद्यावर सगळं बरोबर! प्रॅक्टिकल पास. मग कधीतरी मेनमध्येच बेरजेचा लूप लिहिता, तो रुंदी १० धरतो, आणि तुम्ही बेरजेच्या लूपमध्ये चूक शोधत रात्र घालवता. अशी चूक मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये अनेकदा पाहिलीय, आणि स्वतःच्या कोडमध्ये एकदा.

दुरुस्तीचे मार्ग तीन, आणि तिन्ही तुम्हाला लागू पडतात.

कमाल आकार ठरलेला असेल तर तोच रुंदी म्हणून लिहा. वर #डिफाइन कमाल १० करा आणि फंक्शन व्हॉइड छापा(इंट अ[][कमाल], इंट ओळी, इंट कॉलम) असं ठेवा. लूप कॉलमपर्यंत फिरवा, रुंदी कमालच राहू दे. इंट अ[कमाल][कमाल], इंट अ[][कमाल] आणि इंट (*अ)[कमाल] हे पॅरामीटर म्हणून अक्षरशः एकच आहेत. पहिल्या कंसात ५०० लिहिलं तरी पॅरामीटरचा प्रकार तोच राहतो. मी रिकामा कंस पसंत करतो, कारण तिथे आकडा दिसला की वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी तो तपासतंय.

दुसरा मार्ग, अ‍ॅरेच नेमक्या आकाराचा करा. आधी ओळी आणि कॉलम वाचून घ्या, मग इंट अ[ओळी][कॉलम]; जाहीर करा. आता चाळीत खोल्या तीनच, आणि तुमचं सध्याचं फंक्शन एक अक्षर न बदलता बरोबर चालेल. पॅरामीटरच्या यादीत आकार आधी आणि अ‍ॅरे नंतर, हा क्रम पाळावा लागतो. तो तुम्ही पाळलाय. पण असा अ‍ॅरे स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या स्वतःच्या व्हेरिएबलांसाठीच्या मर्यादित जागेत, बसतो. १००० × १००० इंट म्हणजे ४० लाख बाइट. लिनक्सवर स्टॅक सहसा ८ एमबीचा असतो, तिथे निभावेल. विंडोजवर तो मुळात १ एमबीचा, तिथे पहिल्याच ओळीत कोसळेल. वापरणाऱ्यानं टाकलेल्या आकड्यावर स्टॅकचा आकार सोडू नये. लिनक्स कर्नलमधून असे अ‍ॅरे २०१८ पर्यंत वेचून काढले गेले ते उगीच नाही.

पण इथे एक गफलत लोक नेहमी करतात. स्टॅकवर जागा घेते ती मेनमधली घोषणा. पॅरामीटरमधला इंट अ[ओळी][कॉलम] जागा घेत नाही, तो फक्त पत्त्याचं गणित कसं करायचं ते सांगतो. 'व्हीएलए (चालताना आकार ठरणारा अ‍ॅरे) वाईट' हे ऐकून पॅरामीटरमधूनही तो हद्दपार करणारे लोक नको ते फेकून देतात. प्रमाणाचं म्हणाल तर सी ९९ मध्ये ही सोय आली, सी ११ नं ती ऐच्छिक केली, आणि सी २३ नं असे प्रकार पुन्हा सक्तीचे केले. स्टॅकवरचे अ‍ॅरे तेवढे ऐच्छिक ठेवले. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये मात्र ही सोय नाही. कोड तिथे जाणार असेल तर हा मार्ग बंद.

तिसरा मार्ग म्हणजे रुंदी आणि वापरातले कॉलम हे दोन वेगळे आकडे म्हणून द्यायचे: व्हॉइड छापा(इंट ओळी, इंट कॉलम, इंट रुंदी, इंट अ[][रुंदी]), आणि हाक मारताना छापा(३, ३, १०, अ). बोजड वाटेल, पण गणिती कोडमध्ये हेच चालतं. ब्लास आणि लॅपॅक या जुन्या, नावाजलेल्या गणिती लायब्ररींच्या फंक्शनांत मॅट्रिक्सच्या मागोमाग एलडीए नावाचा एक आकडा द्यावा लागतो. तो नेमका हाच. त्यामुळे मोठ्या मॅट्रिक्सच्या पोटातला एखादा तुकडा नक्कल न करता फंक्शनला देता येतो: सुरुवात तुकड्याची, रुंदी मूळ मॅट्रिक्सची. (तिथे फोरट्रानचा जमाना असल्यामुळे ओळींऐवजी कॉलम सलग बसतात, म्हणून सी मधून जाताना मॅट्रिक्स आडवी पडते. तो स्वतंत्र डोकेदुखीचा विषय.)

काही जण सगळं सोडून सपाट अ‍ॅरे घेतात: पॅरामीटर इंट *अ, आणि प्रत्येक ठिकाणी अ[आय * रुंदी + जे]. जुन्या सी मध्ये आणि मायक्रोसॉफ्टकडे हा खात्रीचा मार्ग आहे, मला त्यात कमीपणा वाटत नाही. दोन गोष्टी सांभाळा. ५०,००० × ५०,००० इंटमध्ये मावत नाही, गुणाकार साइझ_टी या आकारांसाठीच्या प्रकारात करा. आणि मुळात जो द्विमितीय म्हणून जाहीर केलाय तो &अ[०][०] देऊन सपाट वाचणं बहुतेक कंपायलरांवर चालतं, पण प्रमाणाच्या काटेकोर भाषेत पहिल्या ओळीचा पॉइंटर ओळीबाहेर चालवणं बसत नाही. प्रमाणाच्या परिशिष्टात इंट अ[४][५] असताना अ[१][७] लिहिणं हे अव्याख्यायित वर्तनाचं (जिथे भाषा कसलीच हमी देत नाही) उदाहरण म्हणूनच दिलंय. सपाट वापरायचा तर सपाटच जाहीर करा.

मोठ्या आकारासाठी मी स्वतः हे लिहितो: इंट (*अ)[कॉलम] = मॅलॉक(साइझऑफ(इंट[ओळी][कॉलम])); एकच मॅलॉक (मेमरी मागणं), एकच फ्री (ती परत करणं), मेमरी सलग, आणि अ[आय][जे] ही लिहिण्याची पद्धत तशीच. तुमच्या छापा फंक्शनला हा अ जसाच्या तसा देता येतो. मॅलॉककडून नल (रिकामा पत्ता, म्हणजे मेमरी मिळाली नाही) आला का ते मात्र तपासा.

मग इंट ** कधीच वापरायचा नाही का? वापरायचा, जिथे खरोखर पत्त्यांची यादी आहे तिथे. प्रत्येक ओळीची लांबी वेगळी असेल, किंवा समीकरणं सोडवताना ओळींची सतत अदलाबदल करायची असेल, तर अख्खी ओळ हलवण्यापेक्षा दोन पॉइंटर बदलणं स्वस्त. मेनला मिळणारा आर्गव्ही (प्रोग्राम सुरू करताना दिलेल्या शब्दांची यादी) हा असाच आहे, शब्द वेगवेगळ्या लांबीचे असतात म्हणून. फक्त अशा वेळी पॉइंटरांचा अ‍ॅरे तुम्ही स्वतः बांधलेला असला पाहिजे, आणि मोकळी करतानाही आधी एकेक ओळ, मग यादी.

स्ट्रिंगच्या बाबतीत हा फरक मराठी माणसाला जास्त जाणवतो. चार गाव[२][२०] मध्ये (हा चार म्हणजे अक्षराचा प्रकार, आकडा नव्हे) "कोल्हापूर" आणि "पुणे" भरून बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासकट, तीन बाइट खातं. कोल्हापूर मोजा: क, ो, ल, ्, ह, ा, प, ू, र. नऊ चिन्हं, २७ बाइट, वर शेवटचा शून्य बाइट. वीसच्या खोलीत मावणार नाही. जीसीसी वॉर्निंग देऊन वीस बाइट ठेवतो आणि उरलेले कापतो. शून्य बाइटला जागाच उरली नाही, म्हणून गाव[०] छापलं की 'कोल्हा', मग दोन तुटके बाइट, आणि थांबायचं कुठे ते न कळल्यानं पाठोपाठ शेजारच्या ओळीतलं 'पुणे'. सलग चाळीचं इतकं रोखठोक प्रात्यक्षिक दुसरं नाही. कॉन्स्ट चार *गाव[२] घेतलं की प्रत्येक नाव आपल्या लांबीनं बसतं, आणि ते फंक्शनला कॉन्स्ट चार ** म्हणून जातं. इथे दोन चांदण्या बरोबर आहेत, कारण इथे पॉइंटर खरोखर आहेत.

कॉन्स्टवरून आठवलं. फक्त वाचणाऱ्या फंक्शनला कॉन्स्ट इंट अ[][१०] असा पॅरामीटर देऊन साधा इंटचा अ‍ॅरे दिला की जुन्या सी मध्ये काटेकोर कंपायलर कुरकुर करतो. तुमची चूक नाही, भाषेचीच त्रुटी होती. सी २३ मध्ये दुरुस्त झालीय. तीन मितींचंही नवीन काही नाही: अ[२][३][४] साठी पॅरामीटर अ[][३][४]. फक्त पहिलाच कंस रिकामा, आणि पत्ता (आय × ३ + जे) × ४ + के.

हाच घोळ फंक्शनशिवायही होतो, म्हणून एक अनुभव सांगतो. एका सेन्सरच्या फर्मवेअरमध्ये तापमान दुरुस्तीचा तक्ता होता, कॉन्स्ट इंट तक्ता[१६][८]. कुणीतरी दर ओळीला दोन नोंदी वाढवून तो [१६][१०] केला. पण वापरणाऱ्या फाइलमध्ये हेडर न घेता हातानं लिहिलेलं एक्स्टर्न कॉन्स्ट इंट तक्ता[][८]; (तक्ता दुसऱ्या फाइलमध्ये आहे असं सांगणारी घोषणा) तसंच राहिलं, आणि ते लिहिणारा मीच होतो. लिंकर (फाइलींचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) नावं जुळवतो, प्रकार बघत नाही. शून्यावी ओळ बरोबर, पहिली दोन घरं मागे, दुसरी चार. यंत्र थंड असताना वाचन अचूक, तापत गेलं की भरकटायचं. तीन दिवस आम्ही सेन्सरवर आणि सोल्डरिंगवर संशय घेत होतो. तेव्हापासून एक्स्टर्न फक्त हेडरमध्ये, आणि जिथे तक्ता भरलाय त्या फाइलमध्येही ते हेडर घ्यायचं, म्हणजे दोन रुंद्या कंपायलरच्या एकाच वेळी नजरेस पडतात आणि तो आरडाओरडा करतो.

तुमच्या प्रोग्राममध्ये काही बदलण्याआधी एक करा. मेनमध्ये आणि छापा फंक्शनमध्ये, दोन्हीकडे साइझऑफ(अ[०]) छापा. साइझऑफ(अ) नको, तो फंक्शनमध्ये नुसता पॉइंटरचा आकार, ८, सांगेल, कारण पॅरामीटरमध्ये अ‍ॅरे उरलेलाच नसतो. पण अ[०] ही ओळ अजून ओळच आहे, तिचा आकार म्हणजे फंक्शन किती बाइटच्या ढांगा टाकतंय ते. मेन ४० सांगेल आणि तुमचं आत्ताचं फंक्शन १२.